युद्ध, नवी जमीन आणि गुलामगिरी: एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन पत्रांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही नेमकी कुठली पत्रं?

1846 ते 1848 या काळात अमेरिकेने मेक्सिकोशी युद्ध केलं. टेक्सस धरून मोजलं तर मेक्सिकोचा निम्म्याहून अधिक प्रदेश अमेरिकेकडे गेला. या नव्या जमिनीवर गुलामगिरी न्यायची की नाही, या प्रश्नाने आधी तिथले राजकीय पक्ष फोडले आणि 1861 मध्ये देशच फोडला. त्या सगळ्या काळात पुढाऱ्यांनी मित्रांना, सैनिकांनी घरच्यांना आणि गुलामीत ठेवलेल्या माणसांनी आपल्या माणसांना लिहिलेली पत्रं आज वाचायला मिळतात. या पानावर त्यांतली मोजकीच घेतली आहेत.

सभागृहातल्या भाषणांत हे पुढारी घटना, सीमा आणि राज्यांचे हक्क यांवर बोलतात. आपण माणसांच्या खरेदी-विक्रीबद्दल बोलतो आहोत हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. ते पत्रांतून कळतं, म्हणूनच ही पत्रं वाचायची.

मेक्सिकोशी झालेल्या युद्धाचा गुलामगिरीशी संबंध काय?

1820 मध्ये मिसुरी राज्यावरून मोठा वाद झाला. तडजोड अशी निघाली: मिसुरी गुलामगिरीसह संघात येईल, मेन गुलामगिरीशिवाय येईल, आणि मिसुरी सोडून लुइझियाना प्रदेशात 36 अंश 30 मिनिटं या अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरी असणार नाही. सिनेटमध्ये दोन्ही बाजूंची राज्यं समान राहावीत हा त्यामागचा हिशेब होता. मेक्सिकोने 1829 मध्ये गुलामगिरी बंद केली. त्या वेळी मेक्सिकोतच असलेल्या टेक्ससमध्ये मात्र दक्षिणेतून आलेले अमेरिकन वसाहतवाले गुलाम बाळगून कापूस पिकवत होते. 1836 मध्ये टेक्सस मेक्सिकोपासून फुटला आणि 1845 मध्ये गुलामगिरीचं राज्य म्हणून अमेरिकेत आला.

सीमा न्युएसेस नदीवर धरायची की रिओ ग्रांदेवर, हा वाद होता. राष्ट्राध्यक्ष जेम्स पोक यांनी सैन्य रिओ ग्रांदेच्या काठावर पाठवलं, एप्रिल 1846 मध्ये तिथे चकमक झाली आणि 13 मे रोजी युद्ध पुकारलं गेलं. तीन महिन्यांच्या आत, 8 ऑगस्टला, पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी डेव्हिड विल्मट यांनी एका विधेयकाला दुरुस्ती मांडली: मेक्सिकोकडून मिळणाऱ्या कुठल्याही प्रदेशात गुलामगिरी असणार नाही. विल्मट पोक यांच्याच पक्षाचे होते. प्रतिनिधिगृहाने ही दुरुस्ती मंजूर केली, सिनेटने कधीच केली नाही. मतदान मात्र पक्षांप्रमाणे झालं नाही, उत्तर आणि दक्षिण असं झालं. पुढच्या फुटीची खूण तिथेच दिसली.

म्हणजे विल्मट यांच्यासारखे लोक समतेचे पुरस्कर्ते होते का?

बहुतेक नव्हते. विल्मट यांनी स्वतःच सांगितलं होतं की आपण गोऱ्या स्वतंत्र कष्टकऱ्याच्या हक्कासाठी बोलतो आहोत. नव्या जमिनीवर गुलामांच्या श्रमाशी स्पर्धा नको, ही त्यांची मागणी होती. विस्ताराला विरोध आणि गुलामगिरीला विरोध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही पत्रं वाचताना तो फरक सुटला तर अर्थ चुकतो.

संकट येतंय हे आधी कोणाला जाणवलं होतं का?

माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन यांना 1820 मध्येच जाणवलं होतं. 22 एप्रिलला माँटिसेलोहून जॉन होम्स यांना लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात की मिसुरीचा प्रश्न रात्री वाजणाऱ्या आगीच्या घंटेसारखा आला, त्याने आपल्याला जागं केलं आणि भीतीने भरून टाकलं. ही आपल्याला संघराज्याची मृत्यूघंटाच वाटली. त्याच पत्रात लांडग्याचा कान धरल्याची प्रसिद्ध उपमा आहे: धरूनही ठेवता येत नाही, निर्धास्तपणे सोडताही येत नाही. एका पारड्यात न्याय, दुसऱ्यात स्वसंरक्षण.

हे पत्र फार वेळा उद्धृत होतं आणि बहुधा अर्धवटच. नव्या प्रदेशात गुलामगिरी पसरू देण्याला जेफर्सन यांचा या पत्रात विरोध नाही. गुलाम अधिक मोठ्या प्रदेशावर विखुरले तर ते अधिक सुखी होतील आणि पुढे त्यांची मुक्तताही सोपी होईल, असा युक्तिवाद ते करतात. पुढच्या चाळीस वर्षांनी हा युक्तिवाद पूर्ण खोटा ठरवला. प्रदेश वाढला तसा माणसांचा बाजारही वाढला. ‘सगळी माणसं समान निर्माण झाली आहेत’ हे वाक्य लिहिणाऱ्याच्या हातून असं पत्र यावं, याचं दुःख वाटतं. त्याबद्दल त्यांना सूट द्यावी असं मात्र मला वाटत नाही.

यांतली बरीच पत्रं तर वर्तमानपत्रांत छापून आली. मग ती खासगी कशी?

त्या काळी पुढारी एखाद्या परिचिताला ‘पत्र’ लिहीत, ते छापून येणार हे दोघांनाही माहीत असे. आजच्या जाहीर निवेदनाची जागा तेव्हा अशा पत्रांना होती. 27 एप्रिल 1844 रोजी हेन्री क्ले आणि मार्टिन व्हॅन ब्यूरेन या राष्ट्राध्यक्षपदाच्या दोन इच्छुक प्रतिस्पर्ध्यांची पत्रं एकाच दिवशी छापून आली. दोघांनीही टेक्सस लगेच घेण्याला विरोध केला होता. परिणाम दोघांना भोवला. व्हॅन ब्यूरेन यांची पक्षाची उमेदवारी हुकली आणि ती विस्तारवादी पोक यांना मिळाली. क्ले यांनी दक्षिणेची समजूत काढायला अलाबामात आणखी पत्रं पाठवली, त्यांत सूर मवाळ केला, आणि उत्तरेतले गुलामगिरीविरोधक चिडले. न्यू यॉर्क राज्य क्ले सुमारे 5,000 मतांनी हरले. तिथे गुलामगिरीविरोधी लिबर्टी पक्षाने 15,000 हून अधिक मतं घेतली होती. न्यू यॉर्क जिंकलं असतं तर क्ले राष्ट्राध्यक्ष झाले असते.

मिशिगनचे सिनेटर लुइस कॅस यांचं डिसेंबर 1847 चं, टेनेसीच्या निकल्सन यांना लिहिलेलं पत्रही असंच. गुलामगिरीचं काय करायचं ते त्या त्या प्रदेशातल्या रहिवाशांनी ठरवावं, ही कल्पना त्यात आहे. 1854 मध्ये तीच कॅन्सस-नेब्रास्का कायद्यात आली आणि कॅन्ससमध्ये रक्तपात झाला.

जाहीर पत्रातून माणसाचं धोरण कळतं. खासगी पत्रात तो स्वतःची समजूत कशी घालतो ते कळतं. दोन्ही वाचावीत, पण एकाच मापाने मोजू नयेत.

पोक यांच्या कागदपत्रांत काय सापडतं?

माझ्या मते या विषयातला सगळ्यांत बोलका कागदांचा गठ्ठा हाच आहे. विल्मट यांची दुरुस्ती आल्यावर पोक यांनी रोजनिशीत लिहिलं की मेक्सिकोशी तह करण्याचा आणि गुलामगिरीचा काय संबंध हेच कळत नाही. याच पोक यांचा मिसिसिपीतल्या यालोबुशा परगण्यात कापसाचा मळा होता आणि राष्ट्राध्यक्षपदावर असतानाही ते मळ्यासाठी माणसं विकत घेत होते. खरेदी नातेवाइकांच्या नावाने होई. विकत घेतलेल्यांत कोवळ्या वयाची मुलं-मुली होती. या व्यवहाराबद्दलच्या पत्रांत पोक बजावतात की ही गोष्ट खासगी ठेवा: यात गैर काही नाही, पण लोकांना ती कळण्याचं कारण नाही. गैर काही नसेल तर लपवायचं कशाला, हे त्यांना कोणी विचारलं नाही. ते पत्र आज ते विचारतं.

त्याच गठ्ठ्यात मळ्याच्या मुकादमांची पत्रं आहेत. कापसाच्या गासड्या, आजारपण, पळून गेलेले आणि पकडून आणलेले गुलाम हे सगळं एकाच सुरात लिहिलेलं. आणि हॅरी नावाच्या लोहाराचीही पत्रं आहेत. हॅरी पोक यांच्या मालकीचा होता. त्याला मिसिसिपीतल्या कॅरल्टन गावी भाड्याने दिलं होतं, त्याच्या घामाची कमाई पोक यांच्या खात्यात जात होती. 1844 च्या निवडणुकीनंतर त्याने मालकाला अभिनंदनाचं पत्र पाठवलं. तुमच्या विजयावर पैजा लावत होतो, आधी हरत आलो, आता सगळं भरून निघालं, असं तो सांगतो. मुलाबाळांचा आणि ऐरणीवर घालवलेल्या आयुष्याचा उल्लेखही करतो. या पत्राला भोळी निष्ठा समजू नये. ज्या माणसाच्या एका सहीवर आपलं कुटुंब विकलं जाऊ शकतं, त्याला आपली आठवण करून देणं हे हॅरीच्या हातात असलेल्या थोड्या उपायांपैकी एक होतं.

रणांगणावरून सैनिकांनी घरी काय लिहिलं?

युलिसिस ग्रँट तेव्हा विशीतला लेफ्टनंट होता. त्याची वाग्दत्त वधू ज्युलिया डेंट मिसुरीत, गुलाम बाळगणाऱ्या घरात राहत होती. 25 जुलै 1846 रोजी मातामोरोसहून तो तिला लिहितो की शहरात पुष्कळ खून झाले आहेत. जिंकलेल्या शहरातल्या लोकांवर वाटेल तितका जुलूम करणं, आणि अंधारात झाकून जाईल तिथे जीवही घेणं, काही स्वयंसेवकांना आणि जवळपास सगळ्या टेक्ससवाल्यांना योग्यच वाटतं, असं त्याने स्पष्ट लिहिलं आहे. आयुष्याच्या शेवटी आठवणी लिहिताना त्याने हे युद्ध बलाढ्य राष्ट्राने दुबळ्यावर लादलेल्या सर्वांत अन्यायी युद्धांपैकी एक ठरवलं. तोवर तो यादवी युद्ध जिंकलेला सेनापती आणि माजी राष्ट्राध्यक्ष होता. एकोणचाळीस वर्षांत कोणाचंही मत बदलू शकतं, पण मातामोरोसचं पत्र सांगतं की निदान डोळ्यांसमोरचा जुलूम त्याला तेव्हाही दिसत होता.

त्याच काठावरून दहा वर्षांनी आणखी एक पत्र गेलं. मातामोरोसच्या समोर, नदीपलीकडे, युद्धाच्या सुरुवातीला बांधलेला फोर्ट ब्राउन आहे. तिथून 27 डिसेंबर 1856 रोजी रॉबर्ट ई. ली यांनी, म्हणजे पुढे यादवी युद्धात दक्षिणेचे सेनापती झालेल्या अधिकाऱ्याने, पत्नीला लिहिलं की गुलामगिरी ही कुठल्याही देशात नैतिक आणि राजकीय दुष्टताच आहे. दक्षिणेचे चाहते एवढंच वाक्य उचलतात. पुढे ली लिहितात की ही दुष्टता काळ्यांपेक्षा गोऱ्यांना अधिक बाधते, काळ्यांना त्यांच्या उन्नतीसाठी ही वेदनादायक शिस्त आवश्यक आहे, आणि ती कधी संपायची ते परमेश्वर ठरवेल. राग धरलाय तो मुक्तीची मागणी करणाऱ्यांवर. दुष्टता म्हणायचं आणि तिला हात लावणाऱ्यालाच दोषी धरायचं, ही त्या काळच्या सुशिक्षित मालकवर्गाची पक्की रीत होती.

लिंकन यांनी युद्धाला खरंच विरोध केला होता का?

हो. डिसेंबर 1847 मध्ये ते प्रतिनिधिगृहात आले आणि त्याच महिन्यात त्यांनी ठराव मांडले: अमेरिकन रक्त अमेरिकन भूमीवर सांडलं असं राष्ट्राध्यक्ष म्हणतात, तर ती जागा नेमकी कुठली ते दाखवा. जानेवारीत, हे युद्ध राष्ट्राध्यक्षांनी विनाकारण आणि घटनाबाह्य रीतीने सुरू केलं, या ठरावाच्या बाजूने त्यांनी मत दिलं. स्प्रिंगफील्डमधला त्यांचा वकिलीतला भागीदार विल्यम हर्नडन अस्वस्थ झाला. इलिनॉयमध्ये युद्ध लोकप्रिय होतं.

1 फेब्रुवारी 1848 च्या उत्तरात लिंकन त्यालाच विचारतात: जे खोटं आहे हे तुला ठाऊक आहे, त्याच्या बाजूने तू मत दिलं असतंस का? सैन्याला रसद देण्याच्या बाजूने आपण मत देतोच, पण युद्धाची सुरुवात न्याय्य होती असं त्यातून होत नाही, हेही ते समजावतात. 15 फेब्रुवारीचं पत्र तत्त्वाचं आहे. आक्रमण परतवण्यासाठी गरजेचं वाटलं म्हणून शेजारी देशात शिरायची मुभा एकदा राष्ट्राध्यक्षाला दिली, की तो मनाला येईल तेव्हा युद्ध करेल. आणि राजे नेहमी जिथे उभे राहिले तिथेच आपण त्याला नेऊन उभं करू. घरच्या भागीदाराला, घाईत, मतदारांची नाराजी ओढवलेली असताना लिहिलेलं हे पत्र आहे.

मात्र युद्धविरोधातल्या या पत्रांत गुलामगिरीचा मुद्दा जवळपास नाही, हेही सांगायला हवं.

एकाच प्रसंगाबद्दल लिंकन यांची दोन वेगळी पत्रं आहेत असं ऐकलं. खरं काय?

खरं आहे, आणि पत्रं कशी वाचावीत हे शिकायला याहून चांगलं उदाहरण नाही.

1841 मध्ये लिंकन आणि त्यांचा जिवलग मित्र जोशुआ स्पीड लुइव्हिलहून सेंट लुइसला आगबोटीने गेले. बोटीवर बारा गुलाम होते. 27 सप्टेंबरला जोशुआची बहीण मेरी हिला लिंकन कळवतात की त्यांना सहा-सहांच्या रांगेत साखळीला बांधलं होतं, गळाच्या दोरीला लावलेल्या माशांसारखं. केंटकीतून विकत घेऊन दक्षिणेतल्या मळ्यावर नेत होते. आई-बाप, भावंडं, बायका-मुलं कायमची सुटली होती. आणि एवढं लिहून पुढे म्हणतात की बोटीवर सगळ्यांत आनंदी तेच दिसत होते. बायकोवर फार जीव म्हणून विकला गेलेला एक जण सतत फिडल वाजवत होता.

चौदा वर्षांनी, 24 ऑगस्ट 1855 ला, जोशुआला लिहिताना तेच दृश्य येतं. आता लिंकन म्हणतात की ते दृश्य माझ्यासाठी सततची यातना होतं, ओहायो नदीकाठी किंवा गुलामगिरीच्या कुठल्याही सीमेवर गेलो की असंच काहीतरी दिसतं. ज्या गोष्टीत मला दुःखी करण्याचं सामर्थ्य आहे, तिच्याशी माझा संबंध नाही असं तू धरून चालणं न्यायाचं नाही.

काही अभ्यासक म्हणतात, दुसरं पत्र राजकारण्याचं, म्हणून पहिलं खरं. मला ते पटत नाही. पहिल्या पत्रातही साखळी आहे, मनगटातली कडी आहे, तुटलेली नाती एकेक करून मोजली आहेत. न पाहणारा माणूस एवढा तपशील लिहीत नाही. 1841 मध्ये तपशील दिसला आणि त्याचा अर्थ टाळला गेला. मधल्या काळात मेक्सिकोचं युद्ध झालं आणि कॅन्ससचा कायदा आला. मग टाळायला जागा उरली नाही. गुलामगिरीच्या घरात वाढलेल्या मुलीला पाहुणचाराचे आभार मानत लिहिणं वेगळं, आणि गुलामांवरचा हक्क सोडण्याऐवजी देश फुटलेला चालेल असं म्हणणाऱ्या मित्राला उत्तर देणं वेगळं.

1855 चं पत्र पूर्ण वाचा. विल्मट यांच्या दुरुस्तीच्या बाजूने आपण चाळीसेक वेळा मत दिलं असेल, असं लिंकन त्यात सांगतात. गुलामांचे व्यापारी तुमच्याकडे तिरस्कृत आहेत, तरी राजकारणात तेच तुम्हा सगळ्यांना हाकतात, हे मित्राला तोंडावर सुनावतात. शेवटी लिहितात की या विषयात तुझ्यापेक्षा तुझ्या बायकोची सहानुभूती मला जास्त आहे, तरी मी तुझा कायमचा मित्र. मैत्री टिकली. यादवी युद्धात जोशुआ संघाच्या बाजूने राहिला आणि त्याचा भाऊ जेम्स 1864 मध्ये लिंकन यांचा ॲटर्नी जनरल झाला.

मतभेदामुळे तुटलेल्या मैत्रीचं उदाहरण आहे का?

अलेक्झांडर स्टीफन्स. 2 फेब्रुवारी 1848 ला लिंकन हर्नडनला लिहितात की जॉर्जियाच्या या किरकोळ, फिकट, क्षयी दिसणाऱ्या माणसाने आत्ताच आपण ऐकलेलं तासाभराचं सर्वोत्तम भाषण केलं, माझे डोळे अजून ओले आहेत. ते भाषण पोक यांच्या युद्धाविरुद्ध होतं. युद्धाला विरोध करताना दोघे एका बाजूला होते.

22 डिसेंबर 1860 ला, दक्षिण कॅरोलिना फुटून दोन दिवस झालेले असताना, निवडून आलेले लिंकन स्टीफन्सना फक्त तुमच्या वाचनासाठी असं बजावून लिहितात. दक्षिणेतल्या गुलामगिरीत आम्ही ढवळाढवळ करणार नाही, असा शब्द त्यात आहे. मग म्हणतात: तुम्हाला गुलामगिरी योग्य वाटते आणि ती वाढावी असं वाटतं, आम्हाला ती अयोग्य वाटते आणि तिला आवर घालावा असं वाटतं, अडतं ते इथेच. आठवडाभराने स्टीफन्सनी उत्तर पाठवलं आणि दक्षिणेला दिलासा देणारा एखादा शब्द जाहीरपणे बोला अशी विनंती केली. लिंकन बोलले नाहीत. मार्च 1861 मध्ये स्टीफन्स फुटीर राज्यांचे उपराष्ट्राध्यक्ष म्हणून सव्हानामध्ये बोलले: आमच्या सरकारचा पाया निग्रो माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही या सत्यावर उभा आहे. पुढे राज्यांच्या हक्कांची कितीही भाषा झाली तरी हे भाषण आणि ते पत्र समोरासमोर ठेवून पाहावं.

ज्यांना गुलाम केलं होतं त्यांची पत्रं कमी का?

दक्षिणेतल्या अनेक राज्यांत त्यांना लिहायला-वाचायला शिकवणं गुन्हा होता. जी पत्रं आहेत ती चोरून शिकलेल्यांची किंवा दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली.

सप्टेंबर 1858 मध्ये एब्रीम स्क्रिव्हनने पत्नी डायनाला कळवलं की मी एका व्यापाऱ्याला विकला गेलो आहे, तो न्यू ऑर्लिन्सला असतो. आईवडिलांना निरोप सांग; या जगात भेट झाली नाही तर स्वर्गात होईल अशी आशा आहे. नव्या जमिनीवर कापूस वाढला की जुन्या राज्यांतून माणसं विकून तिकडे पाठवली जात. विस्तार म्हणजे प्रत्यक्षात काय, ते एब्रीमच्या त्या थोड्या ओळींत आहे. कॅस यांच्या लांबलचक पत्रात ते एकदाही आलेलं नाही.

फ्रेडरिक डग्लस यांचं 3 सप्टेंबर 1848 चं, पूर्वीचे मालक थॉमस ऑल्ड यांना लिहिलेलं जाहीर पत्रही वाचायलाच हवं. पळून जाऊन मुक्त झाल्याला त्या दिवशी दहा वर्षं झाली होती. आजी आणि बहिणी कुठे आहेत, ते त्यात विचारतात. मी तुमच्यासारखाच माणूस आहे, तुमचा गुलाम नाही, असं लिहून सही करतात.

महाराष्ट्राशी याचा काही धागा आहे का?

दोन आहेत. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेचा कापूस इंग्लंडला जाणं थांबलं, तेव्हा मुंबईतून जाणाऱ्या कापसाचे भाव गगनाला भिडले आणि 1865 मध्ये युद्ध संपताच ते कोसळले. दुसरा धागा जोतीराव फुल्यांचा. निग्रोंना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांनी जे औदार्य आणि निःस्वार्थ त्याग दाखवला, त्याच्या सन्मानार्थ त्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ त्यांना अर्पण केली.

पत्रं कुठे वाचायला मिळतील, आणि सुरुवात कुठून करावी?

लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर लिंकन, पोक आणि ग्रँट यांचे कागद आहेत, बऱ्याच ठिकाणी मूळ हस्ताक्षरासह. लिंकन यांचं सगळं छापील लेखन मिशिगन विद्यापीठाने शोधण्याच्या सोयीसह ठेवलं आहे. पोक यांचा पत्रव्यवहार टेनेसी विद्यापीठाने खंडशः संपादित केला आहे. भाषा इंग्रजीच आहे, पण लिंकन यांची वाक्यं सरळ आहेत.

सुरुवात एब्रीम स्क्रिव्हनपासून करा. मग 1841 चं लिंकन, मग 1855 चं, आणि त्यानंतरच जेफर्सन. काळाचा क्रम मोडतो, पण विकल्या गेलेल्या माणसाचा शब्द आधी वाचलेला असला की बाकीच्यांच्या युक्तिवादांत तो कुठे कुठे गाळला आहे ते लगेच दिसतं.